महाकाय स्क्विड : खोल समुद्रातील जीवन आणि त्याचे पुरावे

खोलपाणी

महाकाय स्क्विडचा विषय निघाला की चर्चा बहुधा त्याच्या लांबीपासून सुरू होते आणि लांबीपाशीच संपते. माझ्या मते लांबी हा या प्राण्याचा सर्वांत कमी महत्त्वाचा विशेष आहे. जिथे सूर्यप्रकाश जवळजवळ पोहोचत नाही, पाणी थंडगार असते आणि भक्ष्य विरळ असते, तिथे दोन-अडीचशे किलो वजनाचा बिनहाडाचा प्राणी वाढतो, शिकार करतो, जोडीदार शोधतो आणि हे सारे माणसाच्या दृष्टीआड घडते, याचे मला अधिक आश्चर्य वाटते. शिवाय त्याच्याविषयी आपल्याला जे ठाऊक आहे, ते बहुतांशी मेलेल्या शरीरांवरून किंवा त्याला खाणाऱ्या प्राण्याच्या पोटातून हाती आलेले आहे. म्हणून कोणते विधान कोणत्या पुराव्यावर उभे आहे हे तपासत या प्राण्याची ओळख करून घ्यावी, या हेतूने हा धागा काढत आहे.

शास्त्रीय नोंदींचा आरंभ एका चोचीपासून झाला. १८५३ साली डेन्मार्कच्या किनाऱ्यावर एक प्रचंड स्क्विड वाहून आला. लोकांनी त्याचे तुकडे करून ते मासेमारीसाठी आमिष म्हणून वापरले, चोच तेवढी शिल्लक राहिली. जपेटस स्टीनस्ट्रुप या डॅनिश प्राणिशास्त्रज्ञाने ती चोच आणि पश्चिम अटलांटिकमधून आलेले दुसऱ्या एका प्राण्याचे अवशेष ताडून पाहिले आणि १८५७ मध्ये ‘आर्किट्युथिस’ ही प्रजाती प्रस्थापित केली. त्यानंतर चारच वर्षांनी, १८६१ मध्ये, टेनेरिफजवळ ‘अलेक्तों’ या फ्रेंच जहाजाला समुद्राच्या पृष्ठभागावर असाच एक प्राणी आढळला. खलाशांनी त्याला दोराचा फास टाकला, पण वर ओढताना दोर त्या मऊ शरीरात रुतत गेला आणि शेवटी फक्त शेपटाकडचा तुकडा हाती लागला.

शंकेला जागा उरली नाही ती न्यूफाउंडलंडमध्ये. १८७३ च्या ऑक्टोबरमध्ये कन्सेप्शन उपसागरात एका छोट्या होडीतील मच्छीमारांनी पाण्यावर तरंगणाऱ्या एका वस्तूला डिवचले, तेव्हा ती वस्तू जिवंत निघाली आणि तिने आपले लांब अवयव होडीवर टाकले. होडीतील एकाने कुऱ्हाडीने ते तोडले. तुटलेल्या अवयवाचा सुमारे १९ फूट लांबीचा तुकडा सेंट जॉन्स येथील धर्मोपदेशक मोझेस हार्वी यांच्याकडे पोहोचला. काही आठवड्यांतच दुसरा एक स्क्विड जवळच्या लॉजी उपसागरात जाळ्यात सापडला. हार्वी यांनी तोही मिळवला आणि त्याचे डोके व बाहू आपल्या घरातील स्नानाच्या पडद्याच्या दांडीवर टाकून त्याचे छायाचित्र काढून घेतले. त्या छायाचित्रात आठ जाड बाहू आणि त्यांच्यापेक्षा कितीतरी बारीक व लांब असे दोन संस्पर्शक वेगवेगळे ओळखता येतात. येल विद्यापीठातील ॲडिसन व्हेरिल यांनी या आणि त्या काळात न्यूफाउंडलंडला मिळालेल्या इतर नमुन्यांचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले.

शरीररचनेचा मूळ आराखडा इतर माकुळांसारखाच आहे: नळीसारखे धड, म्हणजे प्रावार, त्याच्या टोकाला दोन पर, पुढे डोके, त्याभोवती आठ बाहू आणि दोन संस्पर्शक. संस्पर्शकांची टोके रुंद असतात आणि चूषकांनी भरलेली असतात. चूषक जवळून पाहिला तर तो एका बारीक देठावर बसवलेल्या वाटीसारखा दिसतो. त्याच्या कडेला एक कठीण कडे असते आणि त्या कड्यावर बारीक दातांची रांग असते. देठामुळे चूषक वळू शकतो, त्यामुळे भक्ष्य कोणत्याही दिशेला हिसडे देऊ लागले तरी दात त्वचेत रुतून राहतात. दोन्ही संस्पर्शकांवर एकमेकांत अडकणारे छोटे चूषक आणि उंचवटे असतात, त्यांच्या साहाय्याने ते एकत्र जोडून एका लांब चिमट्याप्रमाणे वापरता येत असावेत असे मानले जाते.

भक्ष्य तोंडापाशी आले की चोच त्याचे लहान तुकडे करते आणि दातेरी जीभ ते आत ढकलते. तुकडे लहान असणे भाग आहे, कारण अन्ननलिका थेट मेंदूच्या मधून जाते. हृदये तीन असतात, त्यांपैकी दोन कल्ल्यांकडे रक्त ढकलतात आणि एक उरलेल्या शरीराला पुरवते. रक्तात लोहयुक्त हीमोग्लोबिनऐवजी तांबेयुक्त हीमोसायनिन असते, म्हणून प्राणवायू मिळालेले रक्त निळे दिसते.

आता माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट. बऱ्याच माशांना पाण्यात तरंगत राहण्यासाठी हवेची पिशवी असते, महाकाय स्क्विडला ती नाही. त्याच्या स्नायूंमध्ये अमोनियम क्लोराइडचे द्रावण साठवलेले असते आणि ते समुद्राच्या पाण्यापेक्षा हलके असते. त्यामुळे फारशी शक्ती न खर्चता तो मधल्या पाण्यात अधांतरी राहू शकतो. हे स्नायू मग तितके बळकट राहत नाहीत, ही त्याची किंमत. मेलेले महाकाय स्क्विड पृष्ठभागावर तरंगताना किंवा किनाऱ्याला लागलेले सापडतात, त्याचेही हेच कारण आहे.

निशिगंध

उत्तम सुरुवात. लांबीला आपण कमी महत्त्व दिले आहे तरीही त्याच विषयावर विचारते, कारण अनेक ठिकाणी १८ मीटर हा आकडा अगदी छातीठोकपणे दिलेला आढळतो. त्याला काही आधार आहे का?

खोलपाणी

त्या आकड्याचे मूळ बहुधा न्यूफाउंडलंडमधील थिंबल टिकल येथे १८७८ च्या नोव्हेंबरमध्ये सापडलेल्या प्राण्यात आहे. त्याचे धड व डोके मिळून २० फूट आणि संस्पर्शक ३५ फूट, म्हणजे एकूण ५५ फूट, असे सांगितले गेले. कोणत्याही शास्त्रज्ञाने तो प्राणी प्रत्यक्ष मोजलेला नाही. संस्पर्शक हा ताणला जाणारा अवयव आहे. जिवंतपणी तो आखडतो आणि लांबतो, मेल्यावर सैल पडतो आणि मोजणाऱ्याने जरा ओढून धरला तर आकडा भराभर वाढतो.

म्हणूनच या प्राण्यावर काम करणारे अभ्यासक प्रावाराची लांबी अधिक विश्वसनीय मानतात. न्यूझीलंडमधील स्टीव्ह ओशे यांनी शंभराहून अधिक नमुने तपासले, त्यांत प्रावार सव्वादोन मीटरच्या पुढे गेलेला आढळला नाही. त्या हिशेबाने संस्पर्शकांसह मादी सुमारे १२ ते १३ मीटर भरते आणि नर त्याहून लहान असतो. यातील निम्म्याहून अधिक लांबी नुसत्या संस्पर्शकांची असते, हे लक्षात ठेवले की प्राण्याचे खरे आकारमान डोळ्यांसमोर येते.

विचक्षण

एक मुद्दा जोडतो. चार्ल्स पॅक्स्टन यांनी २०१६ मध्ये उपलब्ध मोजमापांचे संख्याशास्त्रीय विश्लेषण करून २० मीटरपर्यंतचा प्राणी अशक्य नाही, असे मत मांडले होते. ते मत सर्वमान्य झाले नाही, तरी त्यांचा तर्क विचारात घेण्यासारखा आहे: आजवर सापडलेले नमुने थोडे आहेत, आणि थोड्या नमुन्यांत टोकाचा मोठा प्राणी सापडण्याची शक्यता कमीच असते.

खोलपाणी

तर्क म्हणून मान्य, पण जुनी, शंकास्पद मोजमापे गणितात घातली की उत्तरातही ती शंका उतरते. माझा आक्षेप तेवढाच आहे. दुसरे असे की स्क्विड खाणाऱ्या स्पर्म व्हेल या देवमाशाच्या पोटात स्क्विडच्या चोची मोठ्या संख्येने सापडलेल्या आहेत. चोचीच्या आकारावरून प्राण्याचा आकार काढता येतो. किनाऱ्याला लागलेल्या प्राण्यांपेक्षा हा नमुना कितीतरी मोठा आहे, आणि त्यातून अवाढव्य आर्किट्युथिसची चाहूल लागलेली नाही.

अंशुमाला

डोळ्यांविषयी कुणीच लिहिले नाही, म्हणून मी लिहिते. महाकाय स्क्विड आणि अंटार्क्टिक समुद्रातील त्याचा नातेवाईक यांच्या डोळ्यांचा व्यास २७ सेंटिमीटरच्या आसपास नोंदवलेला आहे आणि बाहुली ९ सेंटिमीटरची. स्वोर्डफिशसारख्या मोठ्या माशाचा संपूर्ण डोळाच जेमतेम तेवढा, म्हणजे ९ सेंटिमीटरचा असतो. मग या दोनच प्राण्यांना तिप्पट मोठा डोळा कशासाठी लागावा?

डॅन-एरिक निल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये याचे गणित मांडले. खोल पाण्यात भक्ष्य पाहण्यासाठी डोळा वाढवत नेला तर एका मर्यादेनंतर फायदा फारच थोडा मिळतो, आणि एवढा डोळा वाढवणे व चालवणे तर महागात पडते. पण पाहायची वस्तू खूप मोठी आणि अंधुक उजळलेली असेल तर हिशेब बदलतो. स्पर्म व्हेल पाण्यातून जाताना वाटेतले असंख्य सूक्ष्म व लहान जीव ढवळले जातात आणि ते चमकू लागतात, त्यामुळे व्हेलभोवती एक फिकट उजेडाची आकृती तयार होते. एवढा मोठा डोळा असेल तर ती आकृती १२० मीटरहून अधिक अंतरावरून दिसू शकते, असा त्यांचा निष्कर्ष आहे. व्हेल आवाजाच्या प्रतिध्वनीने स्क्विडला त्याहूनही लांबून हेरतो, हे खरे. पण तो येत असल्याचे वेळेत दिसले तर निसटून जाण्याची संधी मिळते. भक्षकासाठी घडलेला डोळा ही कल्पना मला फार पटते, कारण भक्ष्यासाठी एवढ्या मोठ्या डोळ्याची गरज सिद्धच होत नाही.

दर्यावर्दी

व्हेलचा विषय निघालाच आहे तर विचारतो. चित्रांमध्ये व्हेल आणि स्क्विड यांची तुल्यबळ झुंज दाखवलेली असते आणि व्हेलच्या अंगावरील गोल वण त्याचा पुरावा म्हणून सांगितले जातात. हे कितपत खरे मानावे?

खोलपाणी

वण खरे आहेत. ते व्हेलच्या तोंडाभोवती आणि डोक्यावर जास्त आढळतात, म्हणजे भक्ष्य स्वतःच्या बचावासाठी जिथे पकडू शकेल तिथेच. मात्र त्या वणांच्या आकारावरून स्क्विडचा आकार काढणे धोक्याचे आहे. आर्किट्युथिसचे सर्वांत मोठे चूषक पाच सेंटिमीटरच्या आसपास असतात, आणि लहान वयात पडलेला वण व्हेलच्या त्वचेबरोबर मोठा होत जातो. त्यामुळे मोठ्या वणावरून राक्षसी स्क्विडचा निष्कर्ष काढता येत नाही.

तुल्यबळ झुंज मात्र संभवत नाही. पूर्ण वाढलेला नर व्हेल चाळीस टनांपर्यंत भरतो आणि महाकाय स्क्विड पाव टनाच्या आसपास. शिवाय चूक झाली तर व्हेलला एका जेवणाला मुकावे लागते, स्क्विडला जिवाला. खोल पाण्यातील ही शिकार आजवर कुणी प्रत्यक्ष पाहिलेली नाही, जे सांगितले जाते ते पोटातील चोचींवरून आणि कातडीवरील वणांवरून रचलेले आहे.

विचक्षण

अंशुमाला यांनी उल्लेख केलेल्या अंटार्क्टिक नातेवाइकाविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण ‘सर्वांत मोठा’ हा मान वजनाच्या बाबतीत त्याचा आहे. मेसोनिकोट्युथिस हॅमिल्टोनी या जातीचे वर्णन गाय रॉबसन यांनी १९२५ मध्ये केले, तेही स्पर्म व्हेलच्या पोटात मिळालेल्या बाहूंच्या अवशेषांवरून. २००७ च्या फेब्रुवारीत रॉस समुद्रात टूथफिश पकडणाऱ्या न्यूझीलंडच्या एका जहाजाच्या दोरीवर, माशाला घट्ट धरून बसलेला एक अख्खा प्राणी वर आला. वजन ४९५ किलो. तो गोठवून वेलिंग्टनच्या ‘ते पापा’ संग्रहालयात नेण्यात आला आणि २००८ मध्ये हळूहळू वितळवून तपासला गेला. लांबी मात्र सव्वाचार मीटरच्या आसपास भरली, कारण याचे संस्पर्शक आखूड असतात आणि धड रुंद, जड असते. व्हेलच्या पोटात याच जातीच्या याहून मोठ्या चोची सापडलेल्या आहेत, तेव्हा हा प्राणी जातीतला सर्वांत मोठा नव्हता असे म्हणायला चांगला आधार आहे.

याच्या संस्पर्शकांच्या टोकाला दातेरी चूषकांऐवजी आकडे असतात आणि प्रत्येक आकडा आपल्या जागी सर्व दिशांना फिरू शकतो. बाहूंवरही आकड्यांच्या रांगा आहेत. एवढी शस्त्रे पाहून हा वेगवान, आक्रमक शिकारी असेल असे कुणालाही वाटेल. पण रुई रोझा आणि ब्रॅड सीबेल यांनी २०१० मध्ये याच्या कुळातील इतर जातींच्या चयापचयावरून गणित केले, तेव्हा पाचशे किलोच्या प्राण्याला त्या थंड पाण्यात दिवसाला अवघे ३० ग्रॅम अन्न पुरेल, असे उत्तर आले. म्हणजे एक मोठा टूथफिश मिळाला की कित्येक महिन्यांची बेगमी झाली. या हिशेबाने तो पाठलाग करणारा शिकारी ठरत नाही, दबा धरून बसणारा ठरतो.

निशिगंध

मग आर्किट्युथिसही तसाच मंद, अधांतरी तरंगत भक्ष्याची वाट पाहणारा असेल का? वर खोलपाणी यांनी स्नायूंबद्दल जे लिहिले आहे त्यावरून मला तरी तसेच वाटते.

खोलपाणी

बराच काळ तसेच मानले जात होते. मेलेल्या शरीराच्या आधारे काढलेला तो वाजवी निष्कर्ष होता, आणि जिवंत प्राणी दिसताच तो बदलावा लागला. मला ही हकिगत फार मोलाची वाटते.

जपानचे त्सुनेमी कुबोदेरा आणि क्योइची मोरी यांनी ओगासावारा बेटांजवळची जागा निवडली, कारण तिथे स्पर्म व्हेल ठरावीक हंगामात जमतात. जिथे व्हेल उतरतो तिथे त्याचे अन्न असणार, असा त्यांचा साधा विचार होता. ३० सप्टेंबर २००४ रोजी ९०० मीटर खोलीवर सोडलेल्या दोरीवर कॅमेरा, दिवा आणि आमिष होते. स्क्विडने आमिषावर झडप घातली आणि त्याचा एक संस्पर्शक गळात अडकला. पुढील चार तासांहून अधिक काळ तो सुटण्याची धडपड करत राहिला आणि कॅमेरा ठरावीक अंतराने छायाचित्रे घेत राहिला. पाचशेहून अधिक छायाचित्रे मिळाली. शेवटी संस्पर्शक तुटला आणि प्राणी निघून गेला. तो साडेपाच मीटरचा तुकडा जहाजावर आला तेव्हाही त्याचे चूषक स्पर्श होईल त्या वस्तूला धरत होते. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या छायाचित्रांवरून दोघांनी निष्कर्ष काढला की हा प्राणी समोरून, आडव्या दिशेने हल्ला करतो आणि पूर्वी समजले जात होते त्यापेक्षा बराच चपळ आहे.

अंशुमाला

त्यानंतरच्या चित्रफितींनी हेच बळकट केले. २०१२ मध्ये त्याच बेटांजवळ एडिथ विडर यांनी वेगळा मार्ग अवलंबला. पाणबुड्यांचे पांढरे प्रखर दिवे आणि इंजिनांचा आवाज यांनी हे प्राणी दूर जात असावेत, असा त्यांचा कयास होता. म्हणून त्यांनी खोल समुद्रातील बहुतेक प्राण्यांना न दिसणारा तांबडा प्रकाश आणि आवाज न करणारा कॅमेरा वापरला. आमिष म्हणून अटोला नावाच्या जेलीफिशच्या प्रकाशाची नक्कल करणारे उपकरण लावले. अटोलावर हल्ला झाला की तिच्या अंगावर निळ्या प्रकाशाची चक्रे फिरू लागतात. हल्लेखोराला खाणारा दुसरा मोठा भक्षक यावा, अशी ती हाक असते. महाकाय स्क्विड आला तो नेमका त्याच पद्धतीने: त्याने चमकणाऱ्या नकली जेलीफिशकडे दुर्लक्ष केले आणि तिच्या शेजारच्या कॅमेऱ्याच्या सांगाड्याकडे झेप घेतली. जणू जेलीफिशला त्रास देणारा तोच आहे! २०१९ च्या जूनमध्ये मेक्सिकोच्या आखातात, ७५९ मीटर खोलीवर, याच तंत्राने दुसरा प्राणी चित्रित झाला.

विचक्षण यांच्या अंटार्क्टिक जातीला मात्र आणखी वाट पाहावी लागली. ९ मार्च २०२५ रोजी साउथ सँडविच बेटांजवळ सुमारे ६०० मीटर खोलीवर ‘सुबास्टियन’ या दूरनियंत्रित यानाने तिचे एक पिल्लू टिपले. ते अवघे ३० सेंटिमीटरचे, काचेसारखे पारदर्शक होते. जातीचे वर्णन होऊन बरोबर शंभर वर्षे झाल्यावर ती आपल्या घरात जिवंत दिसली.

दर्यावर्दी

जगाच्या वेगवेगळ्या समुद्रांत सापडणारे महाकाय स्क्विड एकाच जातीचे आहेत का? आणि अशा अंधारात नर-मादी एकमेकांना शोधतात तरी कसे?

खोलपाणी

पहिल्या प्रश्नाला आता बऱ्यापैकी ठाम उत्तर आहे. एकेकाळी वीसएक जातींची नावे दिली गेली होती. २०१३ मध्ये कोपनहेगनच्या संशोधकांनी जगभरातील ४३ नमुन्यांच्या मायटोकॉन्ड्रियातील डीएनएची तुलना केली, तेव्हा त्यांच्यात इतका कमी फरक आढळला की सर्वत्र एकच जाती, आर्किट्युथिस डक्स, असावी असा निष्कर्ष निघाला. पिल्ले प्रवाहांबरोबर महासागरभर वाहत जातात आणि मोठी झाल्यावर जिथे असतील तिथे खोल उतरतात, असे त्याचे एक स्पष्टीकरण दिले जाते. २०२० मध्ये या जातीच्या जनुकसंचाचा आराखडाही प्रसिद्ध झाला. तो सुमारे २.७ अब्ज अक्षरांचा आहे, म्हणजे मानवी जनुकसंचाच्या जवळपास नव्वद टक्के.

दुसऱ्या प्रश्नाबाबत पुरावा तुटपुंजा आहे. टास्मानियाजवळ मिळालेल्या एका मादीच्या बाहूंच्या त्वचेत शुक्राणूंच्या पुड्या खोल रोवलेल्या आढळल्या आणि १९९७ मध्ये त्याविषयीचा लेख प्रसिद्ध झाला. म्हणजे नर त्या पुड्या मादीच्या अंगात टोचतो आणि मादी त्या सोबत वागवते. भेटी दुर्मिळ असतील तर ही सोय अर्थपूर्ण आहे, कारण अंडी पक्व होतील तेव्हा नर जवळपास असेलच असे नाही. लहान पिल्ले तर अगदी क्वचित हाती लागतात. २०१३ मध्ये जपानच्या किनाऱ्याजवळ तीन मिळाली, त्यांतील सर्वांत लहानाचा प्रावार जेमतेम १४ सेंटिमीटर होता.

निशिगंध

स्पेनच्या उत्तर किनाऱ्यावर एकाच वेळी अनेक महाकाय स्क्विड मरून पडल्याचे वाचले होते. त्यामागचे कारण कळले का?

खोलपाणी

अस्तुरियासच्या किनाऱ्यावर २००१ आणि २००३ मध्ये तसे घडले, आणि दोन्ही वेळा जवळच्या समुद्रात तळाखालचे थर शोधण्यासाठी हवेच्या तोफांचे स्फोट केले जात होते. आंखेल गेर्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांना काही प्राण्यांच्या स्नायूंना, अंतर्गत अवयवांना आणि तोल सांभाळणाऱ्या इंद्रियाला इजा झालेली आढळली. पुढे २०११ मध्ये स्पेनमध्येच इतर शीर्षपादांवर (स्क्विड, ऑक्टोपस यांसारख्या प्राण्यांवर) केलेल्या प्रयोगात कमी कंपनसंख्येच्या आवाजाने त्याच इंद्रियातील संवेदक पेशी नष्ट होतात, हे दिसून आले. ज्या प्राण्याला अंधारात वर-खाली कळण्याचा आधारच ते इंद्रिय आहे, त्याला ही इजा जीवघेणी ठरू शकते. संशय बळकट आहे, आणि अशा सर्वेक्षणांच्या आधी खोल पाण्यातील या प्राण्यांचा विचार झाला पाहिजे असे मला मनापासून वाटते.

विचक्षण

त्यासाठी तो कुठे राहतो हे आधी कळायला हवे, आणि दर वेळी कॅमेरा किंवा जाळे नेणे शक्य नाही. आता समुद्राच्या पाण्याचे नमुने घेऊन त्यांत उरलेल्या डीएनएवरून प्राण्याचे अस्तित्व ओळखतात. २०२० मध्ये जपानच्या समुद्रातील पाण्यात अशा पद्धतीने आर्किट्युथिसचा माग लागल्याचे प्रसिद्ध झाले आहे. त्वचेच्या पेशी, श्लेष्मा, विष्ठा यांतून सुटलेला डीएनए पाण्यात थोडाच काळ टिकतो, म्हणून तो सापडला तर प्राणी नुकताच जवळपास होता असे म्हणता येते. तो किती मोठा होता, जिवंत होता की मेलेला, हे मात्र त्यावरून सांगता येत नाही.

खोलपाणी

तरीही हंगाम आणि खोली यांचा नकाशा तयार करण्यासाठी ही पद्धत पुरेशी आहे. स्पर्म व्हेलच्या हंगामी वावराशी तो नकाशा ताडून पाहिला तर पुढचा कॅमेरा कुठे आणि केव्हा सोडायचा हे ठरवता येईल. अंडी नेमक्या कोणत्या पाण्यात सोडली जातात, या प्रश्नाकडे जाण्याचीही तीच वाट दिसते.